रूळ पाहिला, असं कधी म्हणायचं?

‘रुळाला तडा, लोकल वाहतूक विस्कळीत’ ही बातमी मुंबईच्या आसपास राहणाऱ्याला नवी नाही. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, फलाटांवरची गर्दी, चाकरमान्यांचे हाल आणि तासाभराने ‘वाहतूक पूर्ववत’. साचा इतका पक्का की स्टेशनचं नाव तेवढं बदलावं. वाचताना आपल्या मनात जे येतं तेही ठरलेलं: काय ही रेल्वे! मला या बातमीचं नवल वाटतं ते वेगळ्या कारणाने. थंडीत पोलाद आखडतं, सलग जोडलेला रूळ दोन्हीकडून ताणला जातो आणि जिथे तो मुळात कच्चा असेल तिथे पहाटे केव्हातरी तुटतो. ते टाळणं दर वेळी कुणाच्या हातात नसतं. पण तडा सापडला, गाड्या थांबल्या आणि सगळे जण, उशिरा का होईना, कामावर पोचले. म्हणजे ही यंत्रणा कोलमडल्याची बातमी नाही, ती चालल्याची बातमी आहे. कधी सिग्नल लाल होऊन तडा कळतो, कधी मोटरमनला धक्का जाणवतो. आणि पुष्कळदा तो एका माणसाला दिसतो, जो त्या वेळी रुळांमधून पायी चालत असतो. बातमीत तो नसतो.

या माणसाला रेल्वेत कीमन म्हणतात, हिंदीत चाबीवाला. पूर्वी रूळ जागच्या जागी धरून ठेवायला लाकडी किंवा लोखंडी पाचरी ठोकत, त्या पाचरींना ‘की’ म्हणत. त्या सैल होत, म्हणून रोज कुणीतरी फिरून त्या ठोकायच्या. आता पाचरी गेल्या, त्यांच्या जागी वळवलेल्या पोलादी क्लिपा आल्या. गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला, पीडब्ल्यूआयचा सीनियर सेक्शन इंजिनियर झाला. कीमन मात्र कीमनच राहिला, आणि रोज चालणंही राहिलं. नियम असा की आपली बीट त्याने दिवसातून एकदा पूर्ण पायी पाहायची; जाताना एका रुळाच्या बाजूने, येताना दुसऱ्या.

मला या माणसाच्या निमित्ताने एक प्रश्न पडतो आणि तो रेल्वेपुरता नाही. ज्याचं काम ‘पाहणं’ हेच आहे, त्याने पाहिलं असं नेमकं कधी म्हणायचं? आणि त्याने पाहिलं नाही, असं म्हणायचा अधिकार कुणाला आणि कधी पोचतो?

मी राहतो तो भाग न्हावा शेव्याचा. इथे १९८९ मध्ये बंदर सुरू झालं आणि तेव्हापासून जासईवरून बंदराकडे जाणाऱ्या रुळांवर पेट्यांच्या गाड्या धावतात. पेटी म्हणजे कंटेनर. इथे कुणी कंटेनर म्हणत नाही असं नाही, पण डब्याला डबा म्हणावं तशी आमची पेटी. माणसांची लोकल खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत आली ती १२ जानेवारी २०२४ ला, आणि न्हावा शेवा हे नाव फलाटावरच्या पाटीवर आलं. त्याआधीची जवळपास पस्तीस वर्षं इथल्या रुळांवरून मुख्यतः पेट्याच गेल्या. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सगळं उभं राहिलं त्यांच्या लढ्याबद्दल, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबाराबद्दल आणि त्यात गेलेल्या पाच जणांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. इथे एवढंच की या रुळांच्या खाली काय आहे ते इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. खाली खाडीचा चिखल आहे. भराव टाकला तरी तो वर्षानुवर्षं बसत राहतो, आणि भरावाबरोबर रूळही बसतो, सगळीकडे सारखा नाही.

दुसरी गोष्ट मीठ. रुळाचे तीन भाग समजा: चाक ज्यावर चालतं तो माथा, मधली उभी भिंत आणि खालचा पसरट तळ. खारी हवा आणि ओल खातात ती तळाला, आणि तीही जिथे क्लिप आणि लायनर तळावर बसलेले असतात तिथे, म्हणजे झाकलेल्या जागी. त्यासाठी क्लिपा काढून ग्रीस लावतात, तळाला डांबरी रंग देतात. रुळाच्या आतले दोष शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्र असतं. सोनोग्राफीसारखं ते रुळातून ध्वनिलहरी सोडतं आणि परतलेल्या लहरीवरून आत कुठे फट आहे ते सांगतं. हे यंत्र चालवायचं प्रशिक्षण लखनौच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत होतं. पण नेहमीच्या यंत्राच्या लहरी माथ्यातून सरळ किंवा तिरप्या खाली जातात. तळाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कडा त्यांच्या वाटेत नीटशा येत नाहीत. म्हणजे समुद्रकाठी जो भाग सगळ्यात आधी सडतो तोच यंत्राला सगळ्यात कमी दिसतो. तिथे उरतो तो माणसाचा डोळा, आणि वाकण्याची तयारी.

आता जरा हिशोब करू. मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात. प्रत्येक स्लीपरवर चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरला ६,६४०. बीट सहा किलोमीटरची धरली तर एका मार्गाच्या क्लिपा होतात चाळीस हजारांच्या आसपास. याशिवाय वेल्डचे सांधे, फिशप्लेटा, खडी, पूल, मोऱ्या, फाटकं. हे सगळं रोज. कुणीही प्रामाणिक माणूस सांगेल की चाळीस हजार वस्तू एका दिवसात ‘पाहता’ येत नाहीत. एका क्लिपेला एक सेकंद दिला तरी अकरा तास होतात.

निवृत्त झालेले एक कीमन माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना हा हिशोब सांगितला तर ते हसले.

“मी क्लिपा नाय बघत,” ते म्हणाले. “रोजच्यासारखं जे नाय, ते बघतो.”

“म्हणजे काय, काका?”

“म्हणजे लायनरपाशी लाल भुकटी दिसली. कालपर्यंत नव्हती. म्हणजे तिथं काहीतरी हलतंय. नायतर खडी पांढरी झालेली दिसली, म्हणजे गाडी गेली की स्लीपर खाली दबतोय आणि वर येतोय. रुळाच्या माथ्यावरची चकाकी एका जागी तुटलेली दिसली. पायाखाली खडी वेगळी वाजली. मग थांबायचं, वाकायचं, हात लावायचा.”

पाहणं म्हणजे वस्तू मोजणं नव्हे तर फरक पकडणं, हे मला पटलं. फरक पकडायचा तर आधी रोजचं रूप अंगात मुरलेलं हवं, आणि ते वर्गात शिकवता येत नाही. पुण्यात कोरेगाव पार्कजवळ रेल्वेची ‘इरिसेन’ ही स्थापत्य अभियांत्रिकी संस्था आहे; १९५९ मध्ये ती परमनंट वे ट्रेनिंग स्कूल म्हणून सुरू झाली. तिथे अधिकारी आणि अभियंते रुळाचं शास्त्र शिकतात. कीमन शिकतो तो मुकादमाच्या मागे चालून. आधी काही वर्षं गँगमध्ये खडी ओढायची, स्लीपर उचलायचे, मग कधीतरी हातात हातोडा, पाना, झेंड्या आणि फटाके येतात. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे स्फोटक सिग्नल. चाकाखाली आले की फुटतात आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे.

आणि या कामात शिरायची परीक्षा कशी? लेखी परीक्षेनंतर पुरुष उमेदवाराने ३५ किलो वजन घेऊन दोन मिनिटांत १०० मीटर जायचं, वजन खाली न ठेवता. आणि १,००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत धावायचं. स्त्रियांना वजन २० किलो आणि धावायला ५ मिनिटं ४० सेकंद. २०१९ च्या भरतीत अशा एक लाखाहून थोड्या अधिक जागांसाठी एक कोटीच्या वर अर्ज आले होते. त्यांत पदवीधर किती असतील याची कल्पना वाचक करू शकतात. हात बघतात, पाय बघतात, डोळे तपासतात. लक्ष तपासत नाहीत, कारण लक्षाची परीक्षा दोन मिनिटांत होत नाही. ती चौदाव्या वर्षी जुलैतल्या एखाद्या मंगळवारी होते, आणि निकाल कुणी लावत नाही.

पण फरक पकडणाऱ्या डोळ्याची एक उणीवही आहे आणि ती काकांनीच सांगितली. रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं दिसत नाही. गंज रोज इतका थोडा चढतो की कालच्यात आणि आजच्यात फरक नसतोच. म्हणून पाहणारा एकटा पुरत नाही. पी-वे इन्स्पेक्टर ट्रॉलीवरून जातो, अभियंता इंजिनात बसून धक्के मोजतो, रुळाची भूमिती मोजणारा खास डबा फिरतो. ही माणसावरची पाळत आहे असं वाटू शकतं, आणि कधी कधी ती तशी असतेही. पण मुळात ती सवयीवरची पाळत आहे. ज्याला ती जागा परकी आहे त्याला तिथलं जुनं दुखणं दिसतं.

आता नैतिक प्रश्नाकडे येतो. डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एक जहाजमालक आहे. त्याचं जहाज जुनं झालंय, परदेशी स्थलांतर करणारी कुटुंबं घेऊन ते निघणार आहे. मालकाला शंका आहे की डागडुजी करायला हवी. पण खर्च आहे. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, देवही आहेच. शंका मनातून काढून टाकतो आणि मनापासून विश्वास ठेवतो की जहाज ठीक आहे. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास खरा होता याने काही सुटत नाही, कारण हातातल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही मालक तितकाच दोषी होता. फक्त पकडला गेला नसता.

बंदराकाठी राहणाऱ्याला हे उदाहरण जवळचं वाटतं. क्लिफर्डची कसोटी कीमनला लावली तर ती चपखल बसते, आणि कठोरही. रात्री नीट झोप झाली नाही, पाऊस आहे, एका सांध्यापाशी काहीतरी वेगळं वाटलं पण वाकून बघितलं नाही, आणि संध्याकाळी वहीत ‘सर्व ठीक’ लिहिलं. गाडी सुखरूप गेली, पुढच्याही शंभर गेल्या. क्लिफर्डच्या मते दोष तोच. इथवर मी त्याच्याबरोबर आहे. नशिबाने अपघात झाला नाही म्हणून काम चोख ठरत नाही, आणि याच न्यायाने, चोख पाहूनही अपघात झाला तर पाहणारा दोषी ठरत नाही. दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो.

क्लिफर्ड अपुरा पडतो तो पुढे. त्याच्या गोष्टीत शंका ज्याला आली, निर्णयही त्याचाच, जहाजही त्याचंच. एकाच डोक्यात सगळा खटला. रेल्वेत एक जण पाहतो, दुसरा लिहितो, तिसरा सही करतो, चौथा ब्लॉक देतो किंवा नाकारतो, पाचवा गाडी चालवतो. विश्वास इथे पाच तुकड्यांत वाटलेला असतो. मग शंका मारून टाकायला कुणालाच स्वतःला फसवावं लागत नाही. ती नुसती पुढे पाठवली तरी मरते.

इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला १७ ऑक्टोबर २००० ला वळणावरचा रूळ चाकांखाली फुटला, तीनशेहून अधिक तुकडे झाले, चार जण गेले. रुळाच्या कडेवर थकव्याच्या भेगा आहेत हे कित्येक महिने आधीपासून माहीत होतं. लिहून ठेवलेलं होतं. इतकंच नाही, बदलायचा नवा रूळ आणून मार्गाच्या कडेला टाकलेलाही होता. तो तिथेच पडून होता. पुढे कंपन्यांना लाखो पौंडांचे दंड झाले, माणसांपैकी कुणावर सदोष मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही. मला ती आडवी पडलेली नवी रूळपट्टी विसरता येत नाही. पाहणं तिथे पूर्ण झालं होतं. पाहिल्याचा पुरावा लोखंडाच्या रूपात शेजारी पडला होता. गाडी हळू करा किंवा थांबवा, एवढं कुणी म्हणालं नाही.

आपल्याकडे १९ ऑगस्ट २०१७ ला उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग-उत्कल एक्सप्रेस घसरली, वीसहून अधिक प्रवासी गेले. रुळाचं काम चालू होतं आणि गाडी त्यावर आली. कामासाठी ब्लॉक मागितला होता आणि तो मिळाला नव्हता, असं तेव्हा पुढे आलं. ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवणं. आपल्याला रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे, ज्याला आपण यथेच्छ शिव्या देतो. ब्लॉक नसताना, धोक्याची झेंडी न लावता काम करणं चूक होतं, यात वाद नाही. पण पुढे काय झालं पाहा. तेरा कर्मचारी बडतर्फ केल्याचं जाहीर झालं, त्यांत बहुतांश गँगमन. वरचे काही अधिकारी रजेवर पाठवले गेले. आणि तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्याच कोकणातले सुरेश प्रभू, यांनी चारच दिवसांत दुसरी एक गाडी घसरल्यावर ‘नैतिक जबाबदारी’ स्वीकारत पंतप्रधानांकडे पद सोडायची तयारी दाखवली. तेवढं तरी त्यांनी केलं, पुष्कळ जण करत नाहीत. पण ‘नैतिक’ हा शब्द इथे काय करतो याचा विचार व्हायला हवा. १९५६ मध्ये अरियलूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला तेव्हापासून आपल्याकडे नैतिक जबाबदारी ही वर राहणारी गोष्ट झाली. खाली जी उरते ती नुसती जबाबदारी, तिला विशेषण नसतं, तिच्यासाठी चार्जशीट असतं. मला हे उलटं वाटतं. नैतिक प्रश्न खरा उभा राहतो तो खाली, खडीवर, जिथे ज्याला ब्लॉक नाकारलाय त्या माणसाला समोर तुटका रूळ दिसतोय. त्याला तिथे काय करता येत होतं?

नियमाने त्याला खूप काही करता येतं. रेल्वेच्या नियमांतली ही गोष्ट मला फार मोठी वाटते: रूळ धोकादायक दिसला तर गाडी थांबवायला कीमनला कुणाला विचारावं लागत नाही. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, हातात लाल झेंडी. एकेरी मार्ग असेल तर ज्या बाजूने गाडी आधी येणार त्या बाजूला आधी धावायचं. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी ते १,२०० मीटर पाऊण मिनिटात तोडते. खडीवरून धावणाऱ्या माणसाला किती वेळ लागेल ते खडीवर एकदा चालून पाहावं. पण तो पोचला की राजधानी असो की मंत्र्यांची खास गाडी, थांबते. उतरंडीतल्या जवळपास सगळ्यात खालच्या माणसाला असा अधिकार देणाऱ्या व्यवस्था मला फारशा आठवत नाहीत. शाळेत शिपायाला तो नाही, इस्पितळात वॉर्डबॉयला नाही.

अधिकार आहे, तो वापरून चुकला तर काय? काकांनी सांगितलेली गोष्ट घाटापलीकडच्या एका सेक्शनमधली, नाव घ्यायचं कारण नाही. त्यांच्या बरोबरच्या एकाने धुक्यात वेल्डवर रेघ पाहिली, झेंडी दाखवली, मेल थांबली. साहेब आले, ब्रशने घासलं, तेल लावून पाहिलं. रेघ वरवरची होती. गाडी पन्नास मिनिटं उभी होती. शिक्षा झाली नाही. फक्त खुलासा मागितला, लेखी. आणि नंतर काही महिने गँगमध्ये त्याचं नाव ‘पन्नास मिनिटं’ पडलं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पुढच्या टायमाला त्यानं आधी घासून बघितलं. झेंडी नंतर.”

काका हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. पण माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न त्या ‘नंतर’मध्ये आहे. मिनिटं मोजता येतात. कुठल्या गाडीला किती उशीर झाला याचा तक्ता रोज बनतो. न झालेल्या अपघातांचा तक्ता बनवता येत नाही. मग व्यवस्था, कुणाचाही वाईट हेतू नसताना, मोजता येणाऱ्याकडे झुकते. ज्या कीमनला तडा सापडतो त्याला पारितोषिक देतात, प्रमाणपत्र देतात, फोटो निघतो. चांगलंच आहे. पण बक्षीस तडा सापडल्याचं आहे, थांबवल्याचं नाही. ज्याने शंकेने थांबवलं आणि तडा निघाला नाही, त्याने नेमकं तेच काम तितक्याच चांगल्या रीतीने केलं होतं. त्याला प्रमाणपत्र द्यायची कल्पना आपल्याला हास्यास्पद वाटते, आणि ती का वाटते हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

यावर आक्षेप आहे आणि तो लहान नाही. प्रत्येक शंकेला गाडी थांबली तर गाडी चालणारच नाही. आणि रोज झेंडी दिसली तर झेंडीला कुणी मान देणार नाही. लांडगा आला रे आला. ही गोष्ट आपण पोरांना सांगतो आणि दोष पोराचा ठरवतो. पण त्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. शंका घेणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. या दोघांना एकच वागणूक दिली की पुढे गावकऱ्यांना खरा इशाराही मिळत नाही, आणि मेंढ्या तर गावकऱ्यांच्याच होत्या. पोराला समज द्यावी, जरूर द्यावी. पण धुक्यात झुडूप लांडग्यासारखं दिसलं म्हणून ओरडणाऱ्याला खुलासा विचारू नये. शंका किती ताणायची याला मर्यादा हवीच, आणि ती शिकवण्यातून यावी: रेघ कशी ओळखायची, तळाचा गंज किती खोल गेला की चालत नाही, कुठे गाडी थांबवायची आणि कुठे नुसती सावकाश काढायची. हा अनुभवाचा भाग आहे. भीतीने तो शिकवला तर माणूस गंज ओळखायला शिकत नाही, साहेब ओळखायला शिकतो.

पेट्यांचं काय, असं मला एकदा एकाने विचारलं. मालगाडीच्या रुळासाठी एवढा खल कशाला. पडल्या तर पेट्याच पडतील. त्या गाडीत लोको पायलट असतो, मागे गार्ड असतो, शेजारच्या रुळावरून आता उरण लोकल जाते, ही उत्तरं आहेतच. पण मला पटणारं उत्तर वेगळं आहे. कीमनला वरून काय जाणार याची निवड नसते. रूळ तोच, त्यावरून दुपारी प्लास्टिकची खेळणी जातील, रात्री औषधं. गाडीत कोण आहे त्यावरून पाहण्याचा दर्जा ठरायला लागला तर मग पहिल्या वर्गाच्या गाडीसाठी अधिक वाकायचं का, हा प्रश्न येतो. त्याची निष्ठा रुळाशीच असणं हेच गाडीतल्या सगळ्यांशी समान वागणं आहे.

आणि जे पाहूनही पुरत नाही, त्याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्षही पुरतं झालं नव्हतं तोच, १६ जून २००४ ला, रायगडात महाडजवळच्या करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर पडलेल्या दगडांमुळे पुलावरून घसरली. पावसात डोंगर कापलेल्या जागी पहाटे चारला पाहिलेला रूळ चार वाजून दहा मिनिटांनी वेगळा असू शकतो. पाहणी नेहमी घडून गेलेल्याची साक्ष देते, गाडी मात्र पुढच्या क्षणात जाते. त्या अपघातांनंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी झाला, वेगळं वेळापत्रक आलं, डोंगर बांधून काढले, गस्त वाढली. मला यातला वेगाचा निर्णय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आपल्याला सगळं दिसत नाही हे त्यात कबूल केलेलं आहे, आणि त्या न दिसण्याची किंमत रात्री कंदील घेऊन फिरणाऱ्या गस्तवाल्याच्या डोक्यावर न टाकता सगळ्या प्रवाशांत तासा-दोन तासांच्या उशिराने वाटून घेतली आहे. कोकणात जाणारा चाकरमानी कुरकुरतो, पण त्याला कारण माहीत असतं.

एक किंमत मात्र अजून वाटली गेलेली नाही. खाली वाकून रुळाचा तळ पाहणाऱ्या माणसाला पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही. विजेवरच्या गाड्यांचा आवाज कमी, खाडीवरचा वारा उलटा असला तर तोही पोचत नाही. आणि दुहेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला माणूस बाजूला सरकतो ते नेमका दुसऱ्या रुळावर. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला, त्यात कामावर असताना मरणाऱ्या कर्मचाऱ्यांची दखल घेतली होती. पुढे गाडी जवळ आल्याचा इशारा देणारं ‘रक्षक’ नावाचं उपकरण कीमनसाठी आलं, काही ठिकाणी दिलं गेलं. मन लावून पाहा असं ज्याला सांगायचं, त्याचं अर्धं मन कानात आणि पाठीत अडकलेलं असेल तर ते सांगणं पोकळ आहे.

काकांचा मुलगा गेल्या खेपेला ३५ किलोची परीक्षा पास झाला आणि आता एका गँगमध्ये लागलाय, या भागात नाही. त्याला तुम्ही काय शिकवलंत, असं मी विचारलं होतं. मला वाटलं होतं रुळाबद्दल काही सांगतील.

“वाकायच्या आधी दोन्ही बाजूला बघ, म्हटलं. उठताना परत बघ.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि खुलासा मागितला तर घरी येऊन मला दाखव. मग लिही.”